कुंडमच्या ड्यूटीचं सर्टिफिकेट

४ मार्च २०१९
एप्रिलअखेर विनताची डिलिव्हरी. टोरांटोत तिच्याजवळ नवऱ्याशिवाय कोणी नाही. मी जाणारच. लेकीची अट एकच: आधी इन्शुरन्स, मग तिकीट. त्रेसष्टाव्या वर्षी मी ठणठणीत आहे, पण असो.

६ मार्च
एजंट आला. चंद्रशेखर, आमच्या शाळेतला जुना क्लार्क. फॉर्मवर ‘हृदयविकार?’ समोर मी ठळक ‘नो’ लिहिलं. तो म्हणाला, २०१३च्या इलेक्शनला तुमचं हार्टचं सर्टिफिकेट मीच फाइलला लावलं होतं, मॅडम. नोकरीत असताना याला स्वतःची सही कुठे करायची ते आठवत नसे.

७ मार्च
ते सर्टिफिकेट खोटं नव्हतं. कुंडमच्या जंगलात, बाथरूम नसलेल्या बूथवर ड्यूटी लावली होती. डॉक्टर समजूतदार, त्यांनी ‘गंभीर हृदयविकार’ लिहून दिलं. याला खोटं म्हणत नाहीत. नन्सनी शिकवलेली मुलगी खोटं बोलत नाही.

९ मार्च
‘हो’ लिहिलं तर नसलेल्या रोगासाठी जास्त हप्ता. ‘नो’ लिहिलं तर तिकडे काही झाल्यावर कंपनी जुने कागद उकरणार. आणि सर्टिफिकेट खोटं म्हणावं, तर पेन्शनवाले जागे व्हायचे. चंद्रशेखर म्हणतो, “काहून भांडून राहिल्या, मॅडम? दोन्हीपैकी एक तर खोटं आहेच.” उद्धट.

१२ मार्च
मार्ग सापडला. ट्रेडमिल टेस्ट करून स्वच्छ रिपोर्टच तोंडावर मारते. सरावासाठी नर्मदेवरच्या ग्वारीघाटच्या पायऱ्या चढले. अर्ध्यावर बसावं लागलं. फुलवालीने पाणी दिलं, वर “आराम से, दीदी” म्हणाली. पायऱ्याच वेड्यावाकड्या बांधल्यात.

१५ मार्च
डॉक्टरांनी तिसऱ्या मिनिटालाच ट्रेडमिलचं मशीन बंद केलं. माझे बूट नवे होते, हे कोणी ऐकूनच घेईना.

१६ मार्च
अँजिओग्राफी होईपर्यंत विमान नाही. इन्शुरन्सचा तर प्रश्नच मिटला.  विनता फोनवर म्हणाली, सासूबाई येतील. त्या सुहासिनीबाईंचा इन्शुरन्स एका दिवसात झाला. बाळाचं स्वेटर त्यांच्याच बॅगेत पाठवायचं.

१८ मार्च
चंद्रशेखर फॉर्म परत न्यायला आला. मी रिपोर्ट आणि सर्टिफिकेटची कॉपी शेजारी ठेवली. शब्द तेच. म्हटलं, बघ, सरकारला मी खोटं काही दिलं नव्हतं.
पाच वर्षं आधी दिलं होतं, इतकंच.