बरणीतल्या गोळ्या

ती. आईस,
धाकटीचा वाकून नमस्कार. माझे हात भाजतील ही तुझी काळजी मिटली समज, कारण या निसर्गोपचार केंद्राच्या स्वयंपाकघरात शेगडीच नाही. सगळं कच्चं.

मूग भिजवून फडक्यात बांधते. मोड आले की किसलेलं गाजर, ओलं खोबरं, आलं घालते आणि लिंबू अगदी शेवटी पिळते. मोडांमुळे 'क' जीवनसत्त्व वाढतं, लिंबामुळे लोह अंगी लागतं. चव अशी, की तूसुद्धा नावं ठेवणार नाहीस.

पाहुणे राहायला आले की मालक त्यांना आपापल्या औषधाच्या गोळ्या एका बरणीत टाकायला लावतात. "कच्चं खा, गोळ्या विसरा," म्हणतात. ती बरणी माझ्या मुगांशेजारीच असते. आता गळ्यापर्यंत भरलीय.

खिडकीजवळ बसणाऱ्या मास्तरीणबाई परवा हळूच म्हणाल्या, "माझी पांढरी गोळी तेवढी काढून दे गं." मी हसण्यावारी नेलं. काल त्यांचं ताट तसंच परत आलं. आज मालक म्हणाले, "एक ताट कमी लाव." बाई कुठे गेल्या, कुणी सांगत नाही.

तुझी कंबर कशी आहे? बाबांना इथे पाठवायचं म्हणतेस. मालकांनीही आज आपणहून सांगितलं, "तुझ्या वडिलांसाठी खिडकीजवळची जागा झालीय."

आई, त्यांना पाठवू नकोस. मूग घरीच भिजव, लिंबू हवं तेवढं पीळ. पण आधी बाबांची गोळी त्यांच्या हातावर ठेव, आणि ते गिळेपर्यंत समोरून हलू नकोस.

तुझीच,
धाकटी