कुंपणापलीकडचा झेल

प्रिय ओजस,

‘प्रिय’ हे सवयीने लिहिलंय, हुरळून जाऊ नकोस. फोन उचलत नाहीस, व्हॉट्सॲपवर निळ्या खुणा दाखवून गप्प बसतोस, म्हणून तुझ्या ॲडलेडच्या क्लबच्या पत्त्यावर हे टाकतेय. व्यावसायिक बेसबॉल खेळणाऱ्या माणसाला पत्र वाचायला वेळ नक्की असेल. तुमच्यातले निम्मे तर बाकावर बसून च्युइंग गमच चघळत असतात.

इकडे पॉइंट कुकला सगळं तसंच आहे. तुझ्या खोलीत कोणी झोपत नाही, तरी आई चादर बदलते. बाबा शनिवारी गाडी हाकत थेट डँडेनॉन्गला जाऊन पोटं सुटलेल्या मित्रांबरोबर क्रिकेट खेळतात आणि रविवारभर कंबर शेकतात. तुम्ही बापलेक एकाच माळेचे मणी. त्यांनी तुझ्या खेळाला ‘धोपटणं’ म्हणायचं, तू त्यांच्या खेळाला ‘पिकनिक’. सरळ बॅटने खेळता येईना म्हणून पोरगा तिकडे गेला, असं ते आल्यागेल्याला सांगायचे आणि तू दार आपटायचास. मला विचारशील तर दोन्ही खेळ सारखेच. धडधाकट पुरुषांनी लाकडाने चेंडू मारायचा आणि बायकांनी डबे भरायचे.

तरी तुझी टीम इथे मेलबर्नमध्ये खेळायला आली, तेव्हा मीच आई-बाबांना ओढून नेलं. बाबांचा तो पहिलाच बेसबॉलचा सामना. कुंपणामागच्या हिरवळीवर तोंड वाकडं करून बसले होते. आणि तू होम रन मारलास, बाबांच्या भाषेत षटकार, व्यावसायिक सामन्यातला तुझा पहिला. चेंडू आला तो नेमका आमच्याकडे. बाबा उठले, दोन पावलं मागे सरकले, उघड्या हातांनी झेल घेतला आणि लगेच चेंडू मैदानात परत फेकला. आजूबाजूचे मेलबर्नवाले उभे राहून ओरडायला लागले. बाबांनी हात उंचावून सगळ्यांना अभिवादन केलं. तू धावता धावता वळून पाहिलंस, ते मला दिसलं.

नंतर आई कोथिंबीर वड्यांचा डबा घेऊन पार्किंगमध्ये उभी राहिली आणि तू मागच्या बाजूने बसमध्ये चढून निघून गेलास. शाब्बास! वड्या मी रागारागाने खाल्ल्या आणि त्या बाधल्या.

तो ओरडा कशाचा होता, ते शेजारच्या एका म्हाताऱ्या बाईने मला सांगितलं. होम रनचा चेंडू म्हणे लोक जपून ठेवतात, पहिला असेल तर खेळाडूला नेऊन देतात. पाहुण्या टीमचा चेंडू परत फेकायचा, म्हणजे ‘नको आम्हाला तुमची घाण’. तुला वाटलं, बाबा भर मैदानात तुझ्या तोंडावर थुंकले. अरे अकलेच्या कांद्या, जन्मभर क्रिकेट खेळलेल्या माणसाच्या हाती षटकाराचा चेंडू आला तर तो काय करील? परतच देईल ना! तुझा खेळ खोळंबू नये म्हणून घाई केली रे त्यांनी.

बाबांना यातलं काही म्हणजे काही माहीत नाही. तो जल्लोष आपल्या झेलाचा होता, असंच ते समजतात. पोराने षटकार मारला आणि मी झेलला, हे सगळ्या ओळखीच्यांना सांगून झालंय. ‘धोपटणं’ हा शब्द घरातून गेलाय. तुझा फोन नाही, तर म्हणतात, प्रॅक्टिस असेल. आता त्यांनी तुझ्या ॲडलेडच्या सामन्याची तिकिटं काढलीत, कुंपणालगतचीच, आणि संध्याकाळी मला बागेत उभं करून उंच झेलांचा सराव करतात. तिथे कोणीतरी परका त्यांना सहज त्या फेकण्याचा अर्थ सांगून टाकेल. ते कळलं तर हा माणूस कोसळेल, ओजस. मला भीती वाटते, म्हणून लिहितेय. त्याआधी फोन कर. काही समजावू नकोस, विचारू नकोस. एवढंच म्हण, “बाबा, झेल भारी होता. पुढचा चेंडू तुमच्याकडेच ठेवा.”

गाढवाची सख्खी बहीण असल्याने नाइलाजाने तुझीच,
नुपूरताई