जारवाल्याचा रिपोर्ट

४ मार्च

पुन्हा आला! खांद्यावर भरलेला जार, कपाळावर घाम, आणि मला म्हणतो, "मॅडम, तुमच्या लॅबमधले लोक पाणी पितात की आंघोळ करतात? परवाच तर जार दिला!" मी मशीनकडे बघून हसले. मशीनला काय वाटलं असेल!

जार लवकर का संपतो ते खिडकीतल्या कुंड्यांना ठाऊक. मीच रोज ओततेय. एक रोप तर कुजलंसुद्धा.

७ मार्च

ताई म्हणाली, "डोकं ठिकाणावर आहे का तुझं? दुधात मीठ घातलंस." घातलं असेल!

९ मार्च

भन्नाट सुचलंय! शुक्रवारी त्याचा वाढदिवस. भेट काय? — त्याच्याच पाण्याचा रिपोर्ट! 'पिण्यास योग्य', सही, शिक्का, वर छान चौकट. दुकानात लावेल. शिवाय गंमत बघा — साऱ्या शहराचं पाणी आम्ही तपासतो, आणि आम्ही स्वतः पितो ते आजवर कुणीच तपासलेलं नाही!

आमच्या साहेबांना, म्हणजे मोठ्या बाईंना विचारलं. चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "जारवाल्याचं सँपल? एकदम आत्ताच बरं आठवलं?" कान लाल झाले माझे.

१२ मार्च

नापास.

१३ मार्च

माझंच चुकलं असणार! सँपल प्लास्टिकच्या बाटलीत घेतलं का? नाही, काचेच्याच. हातमोजे? तेही बदलले. नवं सँपल घेतलं, पुन्हा लावलं, तिसऱ्यांदा लावलं. आकडा जागचा हलेना. प्लास्टिकमधून पाण्यात उतरणारं रसायन — मर्यादेच्या कितीतरी वर. बाई म्हणाल्या, "जार जुने असतील. उन्हात पडून राहत असतील."

असतातच! गच्चीवर. त्यानेच ऐटीत सांगितलं होतं — "आमचा साठा कायम तयार, मॅडम, गच्ची भरून!" तेव्हा मी मान डोलावत होते. पाणी तपासणारी म्हणे!

त्याचे जार शाळांतही जातात. बाईंनी विचारलं, "तू सांगतेस की मी सांगू?" मी सांगते म्हटलं, आणि बाथरूममध्ये जाऊन रडले. हा रिपोर्ट दिला की तो माझं तोंडही बघणार नाही. आणि दिल्यावाचून गत्यंतर नाही.

१५ मार्च

दिला. वाढदिवसालाच! त्याने वाचला. परत वाचला.

"म्हणजे पोरं हे पितात?"

"हो."

"आणि तुम्ही?"

"मीही."

आणलेला भरलेला जार उचलला आणि गेला. संपलं सगळं. आणि मी गाढव — त्याही वेळी मनात येत होतं, शर्ट नवा दिसतोय, शोभतोय!

२२ मार्च

लॅबच्या नळाला फिल्टर बसवला. आता कुणी येत नाही. ताई म्हणते, जेवत का नाहीस? दाढ दुखतेय म्हटलं.

२९ मार्च

आला! हात रिकामे. दारातूनच बोलायला लागला — "सगळे जार भंगारात घातले, मॅडम. शाळांना स्वतः जाऊन सांगितलं. वडील बोलत नाहीत माझ्याशी. धंदा बंद. आजच्या घडीला मी पक्का बेकार आहे." मग दम घेतला. "लग्न कराल माझ्याशी?"

मोठ्या बाई समोरच बसल्या होत्या. मी त्यांच्यादेखत हो म्हटलं!