बार्शीएवढा देश आणि माझा टॉवेल

२ मार्च, सोमवार

आज पेपरात वाचलं. कुरासाव नावाचा देश यंदा फुटबॉलच्या वर्ल्डकपमध्ये उतरतोय. लोकसंख्या दीड लाख. म्हणजे आपली बार्शी. नकाशावर माशी बसली तर अख्खा देश झाकला जाईल. पण पोरं मैदानात उतरणार म्हटल्यावर जाहिरात जोरात: आमचा समुद्र बघा, आमची रंगीत घरं बघा, या, राहा.

बार्शीएवढा देश जगाला दिसणार आणि माझा टॉवेल अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या गेटबाहेर कुणाला दिसत नाही. हे मी चालू देणार नाही.

३ मार्च, सकाळी, अंघोळीनंतर

योजना तयार. ते पळणार. त्यांना घाम येणार. तो ते माझ्या टॉवेलनं पुसणार. जग बघणार. निळा टॉवेल, पिवळा पट्टा, वर दोन तारे, म्हणजे त्यांचाच झेंडा. कोपऱ्यात 'सोलापूर'. जाहिरात त्यांची, मांडव त्यांचा, वाजंत्री आमची.

वच्छलाला सांगितलं. ती म्हणाली, "अहो, झेंड्यानं घाम पुसतात का कुणी?" बायकोला मार्केटिंग कळत नाही.

५ मार्च

अंकिताशी खडाजंगी. पोरीला टेक्स्टाइलचा डिप्लोमा आम्हीच करू दिला, आता तो आमच्यावरच उलटलाय. म्हणे मागांवर हॉटेलचे पांढरे टॉवेल घ्या, मागणी आहे. पांढरे! मी काय कापूस विकायला बसलोय?

रागाच्या भरात शब्द देऊन बसलो: गटातल्या तीन सामन्यांत माझा टॉवेल टीव्हीवर दिसला नाही, तर कारखान्याच्या किल्ल्या तुझ्या. करदोट्याला बांधलेल्या त्या किल्ल्या मी लग्नातसुद्धा कमरेवरून सोडल्या नव्हत्या. वच्छला लगेच म्हणाली, "मी साक्षीदार." इतक्या तत्परतेनं ती कधी चहासुद्धा आणत नाही.

रागाच्या भरात म्हणजे, विचारपूर्वकच.

१८ मार्च

त्यांच्या फेडरेशनला मेल केला. मिनिटात उत्तर! 'आपला संदेश मिळाला, आभारी आहोत.' आपल्याकडं पाव्हणा दारात उभा राहिला तरी इतक्या लवकर कुणी 'या' म्हणत नाही. अंकिता म्हणते, ते उत्तर मशीन पाठवतं. असेल. ज्या देशाचं मशीन इतकं नम्र, तिथली माणसं कशी असतील!

९ एप्रिल

पहिला टॉवेल मागावरून उतरला. तारे करंजीसारखे आलेत. मागांची देखभाल करणाऱ्या जॉबर मल्लप्पाला विचारलं, तर म्हणतो, "मालक, लांबून ताराच दिसतोय की. टीव्ही लांबच असतंय." माणूस विचारी आहे. करंज्या मंजूर.

१० मे, रविवार

पोचवण्याचा प्रश्न सुटला. करमाळा तालुक्यातल्या जेऊरचा मेहुणा जोतिराम, त्याचा ऋतुराज नोकरीसाठी ह्यूस्टनला चाललाय. पहिला सामना ह्यूस्टनलाच! याला योगायोग म्हणत नाहीत, नियोजन म्हणतात. टॉवेलांचा गठ्ठा स्वतः जेऊरला नेऊन दिला. प्रत्येक टॉवेल वेगळ्या पिशवीत, आहेरात देतात तसा. पोरगं बॅगेकडं बघून म्हणालं, "काका, बघतो." मी म्हटलं बघू नकोस, टीमच्या हॉटेलवर नेऊन दे.

२० मे

ऋतुराज पोचला. मेसेजला अंगठा दाखवलाय. काम फत्ते.

मागांवर दुसरं काही घेतलेलं नाही. ऑर्डर आली की जागा लागेल. मल्लप्पा आणि मंडळी मागांना तेल देतात आणि माझ्याकडं बघतात. बघू देत.

१४ जून, रविवार, संध्याकाळी

अधिक महिना संपत आला म्हणून जेऊरला धोंड्याचं जेवण होतं. जावई पन्नाशी ओलांडून गेला तरी जावईच. पाट, रांगोळी, पुरणाचे धोंडे, तुपाची धार. वर टॉवेल-टोपीचा आहेर, कागदात गुंडाळून. आहेर तिथल्या तिथं उघडत नाहीत. आमच्या घरी तर कधीच उघडत नाहीत. वच्छला तो जसाच्या तसा ट्रंकेत टाकते, पुढच्या कुणाला तरी द्यायला.

जोतिरामला सहज विचारलं, पोराचं सामान नीट गेलं का? म्हणाला, "गेलं की दाजी! चटनीचा डबा बी फुटला न्हाय." शेंगाचटणी सुखरूप पोचली म्हणजे टॉवेलाला काय धाड भरलीय!

येताना जेऊर स्टेशनवर अजब प्रकार. एका माणसाच्या खांद्यावर निळा टॉवेल, पिवळा पट्टा. त्याला विचारलं, कुठनं घेतला? म्हणाला, "सासुरवाडीनं दिला. लई भारी हाय." तारेसुद्धा करंजीसारखेच! किती बारीक नक्कल! सामना व्हायच्या आधीच डुप्लिकेट माल बाजारात. यालाच ब्रँड म्हणतात.

१५ जून

फुटबॉल बघण्याची ही माझी पहिलीच वेळ. निकाल बघितला नाही, मी घाम बघत होतो. हे लोक घाम जर्सीनं पुसतात! उचलली, तोंड पुसलं, सोडली. आमच्याकडं पोरांना यासाठी धपाटा मिळतो.

ही गोष्ट मला कुणी सांगितली नाही. सगळं घर माझ्या विरोधात आहे.

अजून दोन सामने आहेत.

२१ जून, पहाटे साडेपाचपासून टीव्हीसमोर

मधे पाणी प्यायला खेळ थांबवला. मी उठून उभा राहिलो. बाटल्या आल्या. एकाच्या मानेवर टॉवेलासारखं काहीतरी दिसलं. पांढरं होतं. अंकिता मागून शांतपणे म्हणाली, "हॉटेलचा असेल, पप्पा."

या पोरीच्या जिभेला तेल मल्लप्पा देतो की काय!

ऋतुराजला मेसेज केला, टॉवेल कुणाच्या हातात दिले? परत अंगठा.

२६ जून

तिसरा सामना संपला. टॉवेल दिसला नाही. कॅमेरावाल्यांना फक्त बॉल दिसतो, ही त्यांची दृष्टी.

शब्द म्हणजे शब्द. मी हरलेलो नाही, किल्ल्यांची जागा बदलतेय.

२९ जून, सोमवार, दुपारी

सकाळी कारखान्यात कार्यक्रम झाला. अंकितानं माझा सत्कार ठेवला होता. हार, नारळ, टॉवेल-टोपी. आहेर वच्छलानं ट्रंकेतून काढून दिलेला, जेऊरचाच. मल्लप्पानं कागद फाडला आणि टॉवेल माझ्या खांद्यावर घातला.

निळा. पिवळा पट्टा. दोन करंज्या. कोपऱ्यात 'सोलापूर'.

मल्लप्पा म्हणाला, "मालक, आपलाच माल हाय की."

जोतिरामला तिथूनच फोन लावला. तो म्हणाला, "दाजी, बॅग वजनात बसंना. मग त्याच्या आईनं टॉवेल काढलं आन् कडक भाकरी घातल्या. तिकडं भाकरी कुटं मिळती? आन् धोंड्याचा म्हैना, गावात जावई लई. नवंकोरं टॉवेल घरात पडून व्हतं, वाटलं. तुमाला बी त्यातलाच दिला. लोकं इचारतात, कुटल्या पक्षाचा हाय म्हून."

म्हणजे जाहिरात झाली. चांगली जोरात झाली. करमाळा तालुक्यातला एकेक जावई कुरासावचा झेंडा खांद्यावर टाकून बाजारात फिरतोय. दीड लाखाच्या त्या देशाला कळलंसुद्धा नसेल. बिल पाठवावं असं क्षणभर मनात आलं.

किल्ल्या अंकिताला दिल्या. करदोट्याची गाठ सुटेना, मल्लप्पानं कात्री आणली. पोरीनं किल्ल्या ओढणीच्या टोकाला बांधल्या आणि लगेच माग चालू करायला सांगितले. पांढरं सूत.

आवाज सुरू झाला. आत उकडत होतं. कपाळावर घाम आला, हात आपोआप खांद्यावर गेला.

टॉवेल घाम चांगला शोषतो. मालात खोट नाही.