रंजनाताईंच्या हरवलेल्या नोंदी

३ फेब्रु., मंगळ.
नेऱ्याहून पुन्हा तक्रार. उपकेंद्रातल्या नर्स रंजनाताई बाळांच्या लशी आमच्या ॲपमध्ये भरतात, दुसऱ्या दिवशी त्यातल्या काही नोंदी नसतातच. टीमलीड कुलकर्णी सर म्हणाले, "बटण नीट दाबत नसतील." इथे कामोठ्यात माझ्या फोनवर शंभर भरून पाहिल्या. सगळ्या जागेवर.

५ फेब्रु., गुरु.
ईराला पाळणाघरात सोडून नेऱ्याला गेले. ताईंच्या शेजारी बसून राहिले. त्यांना कामात हयगय केल्याची नोटीस आलीये. "मी भरलंय मॅडम. पन माझं कोन ऐकत नाय."
दुपारी सापडलं. तिथे रेंज येते-जाते. आली की ॲपमधला एक थ्रेड, म्हणजे समांतर चालणारं एक काम, मागच्या मागे जुन्या नोंदी वर पाठवायला घेतो आणि डेटाबेस अडवून धरतो. तेवढ्यात ताई 'जतन' दाबतात. तो दुसरा थ्रेड. थोडा थांबतो, मग सोडून देतो. नोंद गेली, आणि स्क्रीनवर 'जतन झाले'.
एरर न दाखवता गिळून टाकणारी कोडमधली ती ओळ माझी. घाईत लिहिलेली, नंतर बघू म्हणून.
ताईंना तिथेच सांगितलं.

६ फेब्रु., शुक्र.
दुरुस्त केलं. आता सगळं लिखाण एकाच रांगेतून, एकामागे एक. जतन नाही झालं तर तसं सांगतं. दिवसभर तपासलं, एकही गळली नाही. गेलेल्या मात्र परत येणार नाहीत.
सरांना खरं ते सांगितलं. "किरकोळ सुधारणा म्हणून पाठव. लेखी काही नको, आरोग्य खात्याशी आपला करार संपत आलाय, तो पुन्हा मिळायला हवा."
तसंच पाठवलं. ईरा झाल्यावर तीन वर्षं घरी होते, त्यानंतर याच एका ऑफिसने घेतलं. तेही घरून काम. दुसरीकडे कोण...

९ फेब्रु., सोम.
ताईंचा फोन. बुधवारी पनवेलला चौकशी. "तुमीच बगितलंय ना मॅडम? मग तेवढं लिहून द्या."
"बघते," म्हटलं. काय बघणार आहे मी.


१० फेब्रु., मंगळ.
पत्र लिहिलं. चार ओळी. चूक ॲपची, आणि ती माझ्या हातून झाली. खाली नाव, हुद्दा. हुद्दा खोडला. परत लिहिला.
नवऱ्याला, समीरला, दाखवलं. नीट दोनदा वाचलं त्याने. "आधी सरांशी बोलून घे."
बोलले तर हे जाणारच नाही.
पत्राचा फोटो काढून ताईंना पाठवायच्या मेसेजमध्ये लावून ठेवलाय. पाठवलेला नाही. चौकशी उद्या अकराला.