दार उघडं ठेवून कोसा

माय, तुला जाऊन इतकी वर्षं झाली आणि आज मी तुझ्याशी भांडायला बसले आहे. कॉलेजात नाव घातलं तेव्हा तू मला बजावलं होतंस, "कोणी विचारलं त सांगजो, माय घरीच राह्यते. मांडीवर कोसा काढते म्हून नको सांगू." मी सांगितलं. विद्यापीठाच्या भर सभेत, माईक हातात धरून सांगितलं, आणि परत वेळ आली तर परत सांगीन. रागवायचं तर रागव.

अजून डोळ्यांपुढे येते ती वैशाखातली दुपार. गल्लीत चिटपाखरू नाही, तरी तू आतून कडी घालतेस. लुगडं वर खोचून बसतेस. पुढ्यात उकडलेले कोश. एका हाताने चार-पाच कोशांचे तंतू एकत्र ओढायचे, दुसऱ्या तळहाताने उघड्या मांडीवर वळायचे, की त्याचा रेशमी धागा होतो. पंखा लावायचा नाही, तंतू उडतात. खोलीभर कोशांचा उग्र वास, आणि मी पाण्यासाठी बाहेर जायला उठले की तुझं ठरलेलं, "थांब पोरी, आधी पाय झाकू दे." मांडीची कातडी घट्टे पडून काळी झाली होती. हिवाळ्यात ती फाटायची, तू तेल चोळायचीस आणि परत बसायचीस. एकदा मी विचारलं, याची मशीन नसते का गं? केवढी खेकसलीस! "मशीन कायले पायजे? देवानं पाय देल्ला ना!" मला पटलं नव्हतं. अजूनही पटत नाही.

आता मी यंत्रंच घडवते. माणसाची गरज आधी, यंत्र मागून, असं आमच्या विभागाच्या पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं आहे. संशोधनाला विषय मागितला तेव्हा मी कोसा म्हटलं आणि आपल्याच गावी आले. प्रश्न ठरवून आणले होते: धागा किती निघावा, किती बारीक असावा, मोटर हवी की पायडल. आपल्या शेजारच्या, तुझ्यासारखाच कोसा काढणाऱ्या काकीला सगळे विचारले. तिने शांतपणे ऐकून घेतलं, मग म्हणाली, "हे तू पाह्य बापा, तुले समजते. मले दार उघडं ठेवून बसता आलं पायजे, बस्स. जलमभर कोंडून घेतलं." दुसऱ्या घरी गेले, तिसऱ्या घरी गेले, शब्द वेगळे पण मागणं तेच. कोणाला येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलायचं होतं, कोणाला वारा हवा होता. माय, तुलाही वारा हवा असेल की! मी कधी विचारलंच नाही आणि तू काही सांगणारी नव्हतीस.

म्हणून माझ्या प्रस्तावात पहिली ओळ तीच आली: बाईला पाय झाकून, दार उघडं ठेवून, घरी बसून काम करता आलं पाहिजे. विद्यापीठाच्या समितीतले एक गृहस्थ हसले. "दार हा तांत्रिक निकष कसा होईल? आणि खालचं ते मांडीबिंडी काढा हो, पारंपरिक पद्धत म्हणा." माझ्या मार्गदर्शक सरांनीही सुचवलं, उभ्याने चालवायची मोटरवाली कर, शेडमध्ये दहा ठेवता येतील. शेडमध्ये! म्हणजे तिथे तरणी पोरं उभी राहणार आणि काकी घरी रिकामी. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "माझ्या आईच्या मांडीवर निघालेल्या धाग्याचे फेटे तुम्ही समारंभात बांधता, तेव्हा लाज नाही वाटत. शब्दाची कशी वाटते?"  ओळ काढा, नाहीतर निधीचा पुढचा टप्पा मंजूर होणार नाही, असं मला सांगितलं गेलं. मी म्हटलं, मग नका करू. त्यांनी खरंच नाही केला.

तरी मशीन झाली. जुन्या शिलाई मशीनचं पायडल, तुमसरच्या वेल्डरने जोडून दिलेली चौकट, खाली बसायला पाट. काकीच्या पडवीत ठेवली आहे. काकी पातळ घोट्यापर्यंत सोडून बसते आणि रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला हटकते, "काहून रे, कुठं जाऊन राह्यला?" धागा थोडा जाड येतो, तो मी सुधारीन. पुढच्या आठवड्यात समिती पुन्हा बसणार आहे. ओळ जागच्या जागी आहे, मांडी हा शब्दही.

फक्त एका प्रश्नाचं समितीला देण्यासारखं उत्तर माझ्याजवळ नाही, आणि ते हा प्रश्न विचारणार: पाटाची उंची कुठून आली? काकीचे गुडघे वर येतात, ती पाटावर पोतं दुमडून घेते. बाकीच्या बायांनाही तो ठेंगणाच पडतो. सगळ्यांची मापं घेतली होती गं मी, व्यवस्थित मांडलीही होती. पण पाट कापायच्या वेळी ती बघितली नाहीत. आपल्या खोलीत गेले, भिंतीला टेकून बसलीस की तुझं डोकं कुठवर यायचं ते हाताने धरलं, आणि तुझ्या त्या ठेंगण्या अंगाच्या बेताने पाट कापला. पुढच्या मशीनचा पाट उंच करीन. हा नाही बदलणार.