मॅट्रिकच्या मुलांचे भवितव्य

३ जुलै १९४३, सातारा.
आजपासून दर शनिवारी मॅट्रिकच्या मुलांसाठी मार्गदर्शन-वर्ग. पुढे कोणी काय व्हावे, हे मी सांगणार. हेडमास्तरांनी ड्रॉइंगची खोली दिली, पण हसून दिली. हसोत. अठरा वर्षे इंग्रजी शिकवतो आहे. मुलाचा निबंध वाचला की त्याचे भवितव्य मला दिसते.
हजर मुले तीन. पैकी दोघे ड्रिलच्या मास्तरांना चुकवायला आलेले. सुरुवात उत्तम.

१७ जुलै.
गोपाळकृष्णाला वकिली सुचवली. मुलगा भांडखोर आहे. तो म्हणाला, मामांचे सांगलीला हॉटेल आहे, तिथे गल्ल्यावर बसणार. समजावले. वेळ लागेल.
सौ. म्हणाली, तुम्हांला स्वतःला तरी मास्तर व्हायचे होते का? विषय तो नव्हता.

१४ ऑगस्ट.
आज नाथाजी आला. फलटणकडचा, शेतकऱ्याचा मुलगा, वर्गात पहिला. म्हणे, गावातल्या शाळेत मास्तर व्हायचे आहे. मी म्हटले, वेडा आहेस. जन्मभर खडू आणि विटका कोट. त्यापेक्षा सैन्यात कारकून हो. छपराखालचे काम, पगार, पेन्शन. बंदुकीशी संबंध नाही.
तो म्हणाला, "पन मला शिकवाया लय आवडतं, सर."
मधल्या सुट्टीत तो खालच्या वर्गातल्या पोरांना गणिते शिकवतो, हे मी पाहिले आहे. तरी सुनावले, आवडीवर पोट भरत नाही. त्याने वही मिटली. मग "बरं, सर" म्हणाला.
विद्यार्थी असावा तर असा.

१० जून १९४४.
रिझल्ट. गोपाळकृष्ण नापास, सांगलीला गेला. गिऱ्हाइकांशी वाद घालताना वकिलीची बुद्धी वापरेलच, म्हणजे माझी पारख चुकली नाही. नाथाजी पास. भरतीसुद्धा झाला. माझे ऐकणारा एकच, पण एक पुरे.

२ ऑक्टोबर.
छावणीतून नाथाजीचे पत्र. इंग्रजीत, आणि चूक एकच. संध्याकाळी बराकीतल्या निरक्षर जवानांना अक्षरे शिकवतो, असे लिहितो. पत्र वर्गात वाचून दाखवले. तेवढे वाक्य गाळले.

२० जानेवारी १९४५.
नाथाजी ब्रह्मदेशच्या आघाडीवर. कारकून मागेच असतात. काळजीचे कारण नाही. सौ.ला तसे सांगितले. तिने विचारले नव्हते.

८ एप्रिल.
दोन महिने पत्र नाही. बढती मिळाली असणार. बढती मिळाली की वेळ कुठला?

१६ जून.
शाळा उघडली. दुपारी नाथाजीचे वडील दादासो आले. बरोबर बारा-तेरा वर्षांचा मुलगा. आभार मानायला आले असतील, असे वाटून मीच बोलू लागलो. पोर हुशार, माझे ऐकले, नशीब काढले, आता हवालदार झाल्याशिवाय राहत नाही. बराच वेळ बोललो. त्यांनी मला पुरे बोलू दिले.
मग म्हणाले, "मास्तर, नाथाजी ग्येला."
मी विचारले, "कुठे? बदली झाली?"
दादासोंनी पागोटे काढून मांडीवर ठेवले. म्हणाले, चैतात तार आली. कचेरीच्या तंबूवर बाँब पडला.
मला बसायला खुर्ची सापडेना. मी खुर्चीवरच बसलो होतो.
ते मला बोल लावतील, याची वाट पाहिली. लावला असता तर बरे झाले असते. त्यांनी मुलाला पुढे केले. म्हणाले, "आवं मास्तर, ह्यो धाकला, ज्योतिबा. थोरला तुमचं लय नाव घ्यायचा. ह्याला पुढं काय करायचं, त्ये तुमीच सांगा."
मी ज्योतिबाला विचारले, तुला काय व्हावेसे वाटते?
तो म्हणाला, "तुमी म्हनाल त्ये."
पावणेपाचच्या मोटारीने दोघे परत गेले. मी काही सांगितले नाही.